चारशे सदतीस वर्षांचं कुंपण

१९७८ सालचा जून. आमच्या ऑल्डरशॅम या इंग्लिश खेड्यातल्या इतिहास मंडळाचं दुकान बंद होणार, हे जवळजवळ नक्की झालं होतं. मे महिन्यातल्या व्याख्यानाला नऊ माणसं आली, त्यातली दोन पाऊस आला म्हणून आडोशाला! सभागृह समितीचे अध्यक्ष मिस्टर मॉट बॅडमिंटनचे वेडे. त्यांनी मंडळाच्या चिटणीस पास्कबाईंना स्वच्छ सांगितलं, "गुरुवारी आठला डोकी मोजायला येतो. तीस भरली नाहीत, तर यापुढे गुरुवार बॅडमिंटनचा."

"तीस? साठ बसवून दाखवते!" पास्कबाई म्हणाल्या.

बाईंनी चाळीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलं होतं. आवाज अजून खणखणीत. शिवाय हातात हुकमाचं पान होतं. आठव्या हेन्री राजाच्या काळातलं गावच्या न्यायसभेचं दप्तर त्यांनी दोन हिवाळे खपून लॅटिनमधून उतरवलं होतं. कुणी रस्त्यात शेण टाकलं, कुणी पाणचट बिअर विकली, सगळं नावानिशी! आणि आडनावं आजही त्याच दारांवर.

"लोक चिडतील हो," चहाचे कप मांडताना मी म्हटलं.

"साडेचारशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीवरून? इतकी खुळी पोरं मी शिकवलेली नाहीत!"

सात वाजता चौतीस जण हजर. बाई फुलल्या. शेणाच्या ढिगाला हशा, बिअरला टाळ्या! मग त्यांनी वाचलं, "सन १५४१. रॉबर्ट थर्कटल याने कुंपण जॉन गॅरडच्या जमिनीत दोन फूट सरकवलं. दंड चार पेन्स. कुंपण गॅरडच्या विहिरीपासून वीस फुटांवर न्यावं."

तिसऱ्या रांगेत अर्नी गॅरडने हात वर केला. पन्नाशीचा शेतकरी गडी, पण बाईंसमोर न विचारता बोलायची अजून छाती नव्हती.

"बाई, मग नेलं का?"

"तशी नोंद नाही, अर्नी."

"म्हणजे नाही नेलं! तरीच!"

त्याची शेजारीण डॉरिस थर्कटल ताडकन उठली. "चोर म्हणतोस? आधी आमची शिडी आण!"

"शिडी नेऊन सातच वर्षं झाली. जमीन त्याच्या आधीची. ओळीने घेऊ!"

"मग मोज! आत्ता मोज!"

मोजायची टेप माझ्याच शिवणाच्या पिशवीतून गेली, हे कबूल करते. बघता बघता सगळं सभागृह विहिरीकडे धावलं. "बसा खाली! मध्यंतर झालेलं नाही!" बाई ओरडत राहिल्या. बाई आणि मी सोडून उरले फक्त पहिल्या रांगेतले ठार बहिरे मिस्टर स्पिंक, तेही झोपलेले.

आणि आठचा ठोका पडला! मॉट वही घेऊन आत आले.

"एक," त्यांनी लिहिलं. "तोही घोरतोय."

"श्रोते..." बाईंनी उघड्या दाराकडे बोट दाखवलं, "प्रत्यक्ष पाहणीला गेलेत."

"उत्तम! तोवर मी जाळी बांधतो."

पंचवीस वर्षांच्या मंडळाच्या डोक्यावर जाळी चढू लागली! बाईंनी पदर खोचावा तसा स्कर्ट सावरला आणि सुटल्या त्या थेट कुंपणापाशी. तिथे जत्रा भरलेली. दारूगुत्त्यातली मंडळी ग्लासांसकट आली होती. पाच फुटांची टेप चार वेळा टाकून कुणी अठरा म्हणे, कुणी साडेएकोणीस. बाईंनी टेप हिसकावून स्वतः मोजलं.

"निकाल सभागृहात लागेल!" बाई कडाडल्या. "दोन-दोनच्या रांगेत! ग्लास खाली!"

अख्खं गाव तिसरीच्या वर्गासारखं निघालं! मॉट जाळीत एक पाय अडकवून उभे.

"मोजा," बाई म्हणाल्या.

त्रेसष्ट! पंधरा जण उभे! मग बाईंनी आपलं माप जाहीर केलं, अठरा फूट. डॉरिसने "घे मेल्या तुझे दोन फूट!" म्हणत हात झटकले. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, आमच्या घराण्याचं काहीच पाप नाही का?"

"पुढच्या गुरुवारी या!"

पुढे बाई अकरा वर्षं बोलल्या. एकदाही खुर्ची रिकामी राहिली नाही. मॉट समुद्रकाठच्या गावी राहायला गेले. मिस्टर स्पिंक मरेपर्यंत सांगत, इतकं शांत व्याख्यान आपण ऐकलं नाही. अर्नीने महिनाभरात कुंपण सरकवून गॅरडांची जमीन परत मिळवली. त्या दोन फुटांत थर्कटलांची सेप्टिक टँक निघाली. आता ती दर वर्षी अर्नी उपसून घेतो, आणि डॉरिस खिडकीतून त्याला हात करते.