मेहुण्याच्या जागी लॅपटॉप

मेहुण्याची माफी मागण्यापेक्षा लॅपटॉप विकत घेणं बाल्दोला सोपं वाटलं.

स्ट्रासबुर्गबाहेर कालव्याकाठच्या मानूश जिप्सींच्या वस्तीत गिटार सगळेच वाजवत. पण सुरांच्या करामती बाल्दोने करायच्या आणि मेहुण्याने, म्हणजे तितोने, मागे बसून ठेका धरायचा, हे बाल्दोच्या लग्नापासून ठरलेलं होतं. (कुणी ठरवलं? बाल्दोने.) परवा तितो म्हणाला, "दाजी, एका गाण्यात तरी मला पुढे येऊ द्या."

"हमालाने गाडी हाकायची नसते," बाल्दो म्हणाला.

तितोने गिटार पेटीत घातली आणि तो चालता झाला. पुढच्या शनिवारी पुतणीचं लग्न. वाजवायचा शब्द दिलेला. आणि जिप्सी जॅझ ठेक्याशिवाय म्हणजे चाकाशिवाय कॅरॅव्हॅन. बाल्दो रागारागाने शहरातल्या दुकानात गेला.

"यात खराखुरा उस्ताद आहे," दुकानदार म्हणाला. "त्याचा एकेक ठोका रेकॉर्ड केलाय. तुम्ही सूर निवडा, ठेका तो धरेल."

"पितो?"

"कोण? छे!"

"उलट बोलतो?"

"लॅपटॉप आहे हो तो."

"द्या."

रविवारी दुपारी सगळं गोत जेवायला जमलं, तेव्हा बाल्दोने कॅरॅव्हॅनच्या पायरीवर स्पीकर मांडला. "ऐका रे! मेहुण्यांचे दिवस भरले!" म्हणत त्याने बटण दाबलं. ठेका सुरू झाला आणि बाल्दो सुटला. असं त्याने जन्मात वाजवलं नव्हतं. अर्ध्यावर त्याने डोळे उघडले तर कुणी जेवत नव्हतं. म्हातारे काका टोप्या काढून उभे होते. बाल्दोला वाटलं, आपल्यासाठीच. (असं वाटायची त्याला सवय होती.)

तेवढ्यात सासूबाई पळी घेऊन आल्या. "कुठे लपवलंयस?"

"कुणाला?"

"माझ्या नवऱ्याला!"

त्यांनी कॅरॅव्हॅनचा पडदा ओढला, पलंगाखाली वाकून पाहिलं. "दुसऱ्या ठोक्याला मनगट असं ओढून घ्यायची खोड एकाच माणसाला होती. मला शिकवतोस?"

सासरे जाऊन दोन हिवाळे झाले होते. गेलेल्याचं नाव काढायचं नाही, त्याची धून वाजवायची नाही, त्याच्या वस्तू जाळून टाकायच्या, हे वस्तीतलं शेंबडं पोरही जाणतं. सासऱ्यांची कॅरॅव्हॅन, गिटार, टोपी, सगळं जाळलं होतं. त्यांना आवडायचं म्हणून कांद्याचं सूपही सासूबाईंनी तेव्हापासून केलं नव्हतं.

बायकोच्या, उगेतच्या, तेव्हा लक्षात आलं. "बाबा शहरातल्या स्टुडिओत एकेक ठोका रेकॉर्ड करायला जायचे ना! घरी येऊन चिडायचे, 'हे काय वाजवणं? मेले एकेक बटाटा तोलून घेतात!'"

"जाळ ते," सासूबाई म्हणाल्या.

"आई, लॅपटॉप नवा आहे!"

"त्यांची टोपीही नवीच होती."

"पुसून टाकतो ना! हे बघा, टाकलं कचऱ्याच्या डब्यात."

"कचऱ्यात? माझ्या नवऱ्याला?" पळी बाल्दोच्या पाठीत बसली. मग त्या एकदम थांबल्या. "हे दुकानात मिळतं ना? म्हणजे आणखी लोकांकडे असणार."

इथे बाल्दोने गप्प बसायला हवं होतं. "जगभर आहे, आई," तो म्हणाला. "जपानमध्येसुद्धा."

सासूबाई पायरीवर बसल्या. बराच वेळ ओरडल्या नाहीत, तेव्हा मात्र सगळ्यांना भीती वाटली.

"जपानमध्ये वाजवत बसलाय," त्या म्हणाल्या, "आणि मला पत्ता नाही." पदराने... पदर नव्हताच, एप्रन होता. त्याने तोंड पुसलं आणि उठल्या. "तिकडचं माझ्या हातात नाही. हे जाळ."

लॅपटॉप जळता जळेना. काकांनी डिझेल ओतलं. मग असा काळा धूर उठला की दोरीवरचे सगळे वाळत घातलेले कपडे कामातून गेले, आणि वस्तीतल्या समस्त बायकांनी बाल्दोच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्यातल्या तीन तर त्याच्याच बहिणी होत्या.

संध्याकाळी बाल्दो तितोच्या दारात उभा राहिला. माफी मागायची सोडून तो पायपुसण्यावर पाय घासत राहिला.

"राहू द्या, दाजी," तितो म्हणाला. "धूर इथपर्यंत आलाय. अट एकच. पुढे मी बसणार. ठेका तुम्ही धरायचा."

"एका गाण्यात?"

"सगळ्या."

शनिवारी पुतणीच्या लग्नात बाल्दो मागच्या खुर्चीत बसून दात-ओठ खात ठेका धरत राहिला. बोटं सुजली, मनगट भरून आलं. पुढे तितो असा वाजवत होता की बाल्दोची स्वतःची बायको टाळ्या पिटत होती. सासूबाई, नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच, गाण्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. बाल्दोच्या हाताकडे एकटक बघत होत्या. एवढ्या लोकांत निदान एक जण आपल्याकडे बघतंय, या विचाराने त्याला जरा बरं वाटलं.

वाजवणं संपल्यावर त्याने हळूच विचारलं, "कसा वाटला, आई, माझा ठेका?"

"फार समाधान झालं, जावईबापू," सासूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "माझ्या लेकीवर ही पाळी येणार नाही. तुमचा हात कुणी रेकॉर्ड करायचं नाव काढणार नाही."