बेशुद्ध माणसाची प्रमुख भूमिका

झोपेच्या बाबतीत माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय! ही नुसती बढाई नाही, पुरावे आहेत. मी दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून झोपलोय. रांगेत उभ्याउभ्या झोपलोय, आणि रांग पुढे सरकली तसा झोपेतच पुढे सरकलोय. स्वतःच्या लग्नाचे फोटो काढतानाही मला डुलकी लागली होती. फोटोत मी भावनेने डोळे मिटलेत असं सगळ्यांना वाटतं. बायकोलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

म्हणून स्टुडिओतून जेव्हा निरोप आला, 'पाच फूट नऊ इंच उंचीचा, झोपून राहू शकेल असा माणूस हवाय', तेव्हा मी मनाशी म्हटलं, गड्या, वीस वर्षं गर्दीत उभा राहिलास, आता नशिबाने पलंग धाडला!

धंद्याने मी नट. म्हणजे, नायक-नायिका हॉटेलात भांडत असताना मागच्या टेबलावर जो माणूस पेपर वाचत बसतो, तो मी.

मालिका अग्निशमन दलाच्या एका तुकडीची होती. तिच्या नायकाला एका सिनेमासाठी दाढी वाढवायची होती, त्यामुळे त्याला तीन महिने सुट्टी हवी होती. लेखकाने त्याच्या अंगावर जळतं छप्पर पाडलं आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत पट्ट्यांत गुंडाळून टाकलं. आत कोण आहे, कुणाला कळणार?

"मला करायचं काय?" मी दिग्दर्शकाला विचारलं.

"काही नाही."

"संवाद?"

"नाहीत."

"हालचाल वगैरे?"

"अहो, तुम्ही बेशुद्ध आहात! श्वास तेवढा घ्या. तोही बेताने!"

घरी येऊन मी छाती फुगवून सांगितलं, "मोठी भूमिका मिळाली! सगळी मालिका माझ्याभोवती फिरते!"

"बरं," बायको म्हणाली आणि टॉवेल वाळत घालायला गेली. कुठली मालिका, कुठली भूमिका, ते तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आता आमच्या हिच्याबद्दल सांगायला हवं. ती खऱ्या अग्निशमन दलात आहे, नियंत्रण कक्षात. कुठे आग लागली, कुणी लिफ्टमध्ये अडकलं, की फोनवर पहिला आवाज येतो तो तिचा. "घाबरू नका. मी फोनवर आहे. दार उघडं आहे का?" तो आवाज ऐकून पेटलेलं घरसुद्धा क्षणभर विचारात पडत असेल! पण गेले कित्येक महिने घरी मात्र "दूध संपलंय", "गिझर बंद करा" आणि "बरं" यापलीकडे तिने काही बोलणं सोडलं होतं. मला वाटायचं, दिवसभर बोलून माणूस दमणारच. शिवाय घर शांत असलं की झोप छान लागते, खोटं कशाला बोला?

तर पलंग. काय सांगू तुम्हाला त्या पलंगाचं सुख! अंगभर मऊ पांढरी पट्टी, डोळ्यांवर पातळ जाळी. जाळीतून बघितलं की दिवे धुक्यातल्या चंद्रांसारखे दिसायचे. आवाज यायचे ते तळ्याच्या पलीकडच्या काठावरून आल्यासारखे. पाच मिनिटांत पलंगाची होडी व्हायची आणि मी निघायचो. कुठे जायचो कोण जाणे, पण तिकडे हवा फार छान असायची.

आणि काठावर येऊन माणसं माझ्याशी बोलायची! त्या धुरात मला एकट्याला सोडून खाली उतरलेला कॅप्टन यायचा आणि माफी मागायचा. सात वर्षं न बोललेला भाऊ यायचा आणि हमसून हमसून रडायचा. मालिकेतली बायको, म्हणजे नायिका, तर छप्पर पडलं त्याच दिवशी सकाळी घटस्फोटाचे कागद देऊन गेलेली. ती माझा हात हातात घेऊन बसायची. पलंगाशी आलं की एकेक जण बरा होऊन जायचा. बेशुद्ध मी, आणि उपचार त्यांच्यावर चालू!

प्रेक्षकांना हे इतकं आवडलं की आग विझवणं मागे पडलं आणि रोज नवीन माणूस माझ्याकडे मन मोकळं करायला येऊ लागला. पुढे पुढे तर कॅमेरा बंद असतानाही येऊ लागले! दुपारी सगळे जेवायला गेले की कॅप्टन, म्हणजे ते काम करणारे भरदार मिशांचे गृहस्थ, स्टूल ओढून बसायचे.

"तुला म्हणून सांगतो," ते कुजबुजायचे, "मला शिडीची भीती वाटते. दुसऱ्या पायरीवरच पाय लटपटतात माझे. कुणाला सांगू नकोस."

मी कुणाला सांगणार? मी होडीत! माझ्या स्वप्नात ती शिडी ढगात जायची आणि मिशा एकट्याच तिच्यावर चढायच्या.

मग व्हायचं तेच झालं. एका हळव्या प्रसंगात मी घोरलो. साधंसुधं नाही, जड कपाट फरशीवरून सरकवावं तसं! पण डॉक्टर झालेला नट हुशार. गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "फुप्फुसात अजून धूर आहे." दिग्दर्शक खूश! 'काय बारकाई आहे या माणसाची!'

पुढच्या आठवड्यात स्वप्नात माझ्या होडीची दोरी सुटली आणि मी ती घट्ट पकडली. ती दोरी म्हणजे नायिकेचं बोट होतं. ती खरंच दचकली, खरंच ओरडली, "हात हलला! त्यांचा हात हलला!" दिग्दर्शक खुर्चीवरून उडाला. लेखकाने रातोरात नाही, तिथल्या तिथे पुढचे दहा भाग बदलले. पेशंटमध्ये सुधारणा आहे! चहावाल्यापासून निर्मात्यापर्यंत सगळे माझ्याकडे आदराने बघू लागले. मलाही वाटायला लागलं, अभिनय-अभिनय म्हणतात तो हाच असणार. लोक उगाच जागे राहून करतात.

आणि एक दिवस जाळीतून बघतो तर समोर आमची ही!

माझी तर पाचावर धारण बसली. झालं असं होतं की मालिकेत नियंत्रण कक्षाचा प्रसंग यायचा होता, आणि चुका होऊ नयेत म्हणून दलाकडून जाणकार बोलावला होता. आली ती ही! अंगावर कामाचा निळा शर्ट, हातात वही. सेटवर फिरून तिने चुका काढायला सुरुवात केली. शिडी उलटी लावलीय. होजपाइपला तोटी नाही. "आणि फोन उचलल्यावर कुणी 'हॅलो, कोण बोलतंय' म्हणत नाही. आधी पत्ता विचारायचा असतो." दिग्दर्शक वहीत उतरवून घेत होता.

मी पलंगावर ताठ. 'सगळी मालिका माझ्याभोवती फिरते' म्हणून सांगितलेलं! आता काय हात हलवून सांगू, की मीच तो गुंडाळलेला?

तेवढ्यात नायिकेच्या खोट्या पापणीचा डिंक डोळ्यात गेला आणि ती डोळा धुवायला पळाली. दिवे लावणारे खोळंबले.

"मॅडम," दिग्दर्शक हिला म्हणाला, "पाच मिनिटं पेशंटजवळ बसता का? तुमची उंची तिच्याएवढीच आहे. फक्त उजेड बघायचाय."

"बसते. काही बोलायचंय का?"

"काहीही बोला. मनातलं बोला. तो कुठे ऐकतोय!"

ही स्टुलावर बसली. वही मांडीवर ठेवली. मग तिने तो तिचा फोनवरचा आवाज काढला. आठ महिन्यांत तो मी घरात ऐकला नव्हता.

"आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट आहे," ती म्हणाली. "चौथ्या मजल्यावरून एका आजोबांचा फोन आला. जिन्यात धूर होता. मी सांगितलं, दाराखाली ओला टॉवेल लावा, खिडकीपाशी जमिनीवर बसा. त्यांनी सगळं केलं. गाडी पोचायला वेळ होता. आजोबा म्हणाले, मुली, फोन ठेवू नकोस, बोलत राहा. पण माझ्याकडच्या सूचना संपल्या होत्या हो! मग मी त्यांना माझं घर सांगितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळी ऊन कुठवर येतं, ते. मग नवऱ्याबद्दल सांगितलं, रांगेत उभ्यानं झोपतो म्हणून. आजोबा खोकत खोकत हसले. मी बोलत होते आणि ते हसत होते, आणि मग फोनमध्ये शिडीचा आवाज आला."

मी जन्मात पहिल्यांदा पलंगावर पडून टक्क जागा होतो. होडी नाही, तळं नाही. फक्त धुक्यातले चंद्र आणि हिचा आवाज.

"त्या दुपारी घरी आले," ती म्हणाली, "तेव्हा पोटात नुसतं मावत नव्हतं. यांना म्हटलं, बसा, सांगायचंय. दुसऱ्या वाक्याला बघते तर हे झोपलेले! त्या दिवसापासून मी घरी बोलणंच सोडून दिलं. चौथ्या मजल्यावरच्या परक्या माणसाला माझा आवाज हवा असतो, आणि..."

पट्टीच्या आत माझे डोळे भरून आले होते, आणि भरलेले डोळे पुसायची तिथे काही सोय नाही. नळीसाठी तोंडाशी भोक ठेवलेलं होतं, त्यातून शब्द आपसूक बाहेर पडले.

"खाली उतरल्यावर काय म्हणाले आजोबा?"

दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. हिचं प्रशिक्षण पक्कं! तिने झटकन माझं मनगट धरलं. "घाबरू नका. मी इथेच आहे. सावकाश श्वास घ्या. नाव सांगता येईल का?"

"अगं, मी!"

तिचा हात तसाच राहिला. "...अहो?"

मी उठून बसलो. इथेच चुकलं! पायाची पट्टी सलाइनच्या स्टँडला अडकलेली. स्टँड गेला दिव्यावर, दिवा गेला आगीच्या प्रसंगांसाठी आणलेल्या धुराच्या यंत्रावर, आणि यंत्र आडवं पडून फुसफुसायला लागलं. बेशुद्ध माणूस उठून बसल्याचं आधी पाहिलं चहावाल्याने. "पेशंट उठला!" असं तो ओरडला आणि लोकांनी ऐकलं "पेट घेतला!" झालं! बघता बघता खोली पांढरीशुभ्र. आणि त्या पांढऱ्यातून, हेल्मेट-बिल्मेटसकट, आमच्या अग्निशमन दलाचे चौदाच्या चौदा जवान दाराकडे पळत सुटले! कॅप्टन सर्वांत पुढे. वाटेत शिडी आली तर तिच्यावरून उडी मारून गेले.

"थांबा!" हिचा आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळे जागच्या जागी खिळले. "आग नाहीये. यंत्राचा धूर आहे. पळू नका. भिंतीला हात लावा. दाराजवळ कोण आहे? कॅप्टन? दार उघडं आहे का? उघडा. आता तुमच्या उजवीकडे लाल बटण असेल, ते दाबा."

यंत्र गप्प झालं. धूर हळूहळू उतरू लागला, जमिनीपासून गुडघ्याएवढा ढग राहिला. त्या ढगात चौदा जवान भिंतीला हात लावून उभे, मी पलंगावर अर्धा सुटलेला, आणि माझं मनगट अजून हिच्या हातात. हलावंसं कुणालाच वाटेना.

"आजोबा म्हणाले," ही हळूच म्हणाली, "त्या मुलीला सांगा, नवऱ्याला उठवू नकोस."

मग ती हसायला लागली. आठ महिन्यांचं साठलेलं हसू होतं ते, लवकर संपेना.

कॅमेरा अर्थातच चालू होता. दिग्दर्शक ढगातून आमच्याकडे चालत आला, डोळे पुसत. "हे लिहून होत नाही!" म्हणाला. "पेशंट आता शुद्धीवर येणार, असाच! हीच वाक्यं!"

मी म्हटलं, चला, वीस वर्षांनी संवाद मिळाला.

पण शुद्धीवर आलेल्या माणसाच्या पट्ट्या काढाव्या लागतात. पट्ट्या काढल्या की आत चेहरा लागतो, आणि चेहरा होता नायकाचा! त्याला दाढी काढून परत बोलावलं. माझं वाक्य त्याने म्हटलं, बरं म्हटलं. मी इतका झकास बरा झालो की माझी नोकरीच गेली.

तो भाग आम्ही दोघांनी घरी बसून पाहिला. हल्ली ड्यूटीवरून आली की ही बोलते. कुणाचं मांजर कुठे अडकलं, कुणी फोनवर कसं नुसतंच रडत राहिलं, सगळं सांगते. मी ऐकतो. दुपारचं ऊन खिडकीतून हळूहळू आत येतं आणि तिचा आवाज त्याच्याबरोबर खोलीभर पसरतो. अशा वेळी डोळे उघडे ठेवूनही कुठेतरी तरंगायला होतं.

नायकाचा प्रसंग संपला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "खरं सांग, त्याच्या आधीचं माझं काम कसं वाटलं? ते पट्ट्यांतलं?"

"रागावणार नसाल तर सांगते. आमच्या कक्षात सगळ्यांचं एकमत होतं, की त्या पट्ट्यांत दोरीने हलवायचा बाहुला आहे. स्पंजचा."

"स्पंजचा?"

"हो ना! नाहीतर मी मेली एवढं सगळं बोलत बसले असते का? आत माणूस आहे हे माहीत असतं तर तोंडसुद्धा उघडलं नसतं!"

तेव्हापासून एक करतो. ती बोलायला लागली की मी ऐकतो सगळं, पण फारसा हलत नाही.