दुपारचा अमोनिया

"मनात कोंडू नकोस, बाळा. कुणी नसलं तर भिंतीला सांग. भिंत उलटून बोलत नाही."

आईला जाऊन जमाना झाला, पण तिचं हे बोलणं आरसेकाकांच्या कानात घर करून होतं. बायको गेली, लेक लांब नांदायला गेली, आणि सांगून सांगून घरच्या भिंतीही कंटाळल्याशा वाटू लागल्या. मग काकांनी यंत्र धरलं.

यंत्र म्हणजे हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली एक लांब नळी. दोन्ही टोकांना आरसे, मधे कोंडलेला उजेड. बिचारा या आरशावरून त्या आरशावर हजारो येरझारा घालत विझायचा. हवेत अमोनिया असला की लवकर विझायचा. जितका लवकर, तितका वायू जास्त. आरशांची देखभाल काकांकडे, म्हणून ते नाव. खिडकीतून येणारी हवा ओढणाऱ्या रबरी नळीचं तोंड त्यांच्या स्टुलाशेजारी लोंबायचं, कुणी कान पुढे करावा तसं. दुपारी सगळे जेवायला गेले की काका त्या कानात सांगत बसायचे. भाजी करपली. लेकीचा फोन आला. तिला सांगितलं, मी मजेत आहे.

आता माणसाच्या श्वासातही चिमूटभर अमोनिया असतो. काकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण बोलताना आपण श्वासही सोडतो, हे कुणाच्या ध्यानात राहतं? आलेखावर रोज दुपारी डोंगर उगवू लागले.

सुरक्षा अधिकारी राईचा पर्वत करण्यात वस्ताद. इथे तर पर्वत आयताच मिळाला. त्यांनी शेजारच्या बर्फाच्या कारखान्याकडे बोट दाखवलं, कारण तिथली यंत्रं अमोनियावरच चालतात. कारखाना बंद झाला. डोंगर कायम. मग गटारं उपसली. मग अख्खी इमारत तोंडाला मास्क लावून रस्त्यावर उभी राहिली. बर्फवाला येऊन सुनावून गेला, की माझा बर्फ वितळतोय आणि तुमचं यंत्र खोटं बोलतंय. शेवटी अधिकाऱ्यांना तेच पटलं. यंत्र बिघडलंय, भंगारात काढा.

काकांची पंचाईत झाली. गप्प राहावं तर सोबती जातो, बोलावं तर अब्रू. माणसं पेच सैल करायला लागली, तसे काका आडवे आले.

"हात लावू नका. ते खरंच सांगतंय. तो माझा श्वास आहे."

"नळीत कशाला सोडता श्वास?"

"बोलतो मी त्याच्याशी. घरी कुणी नाही ना. इथं निदान ऐकल्यासारखं वाटतं."

कुणाला तरी हसू फुटलं, ते खोकल्यात विरलं. अधिकाऱ्यांनी मात्र आलेख उलगडला. सहजी मानतील तर ते अधिकारी कसले.

"दुपारचं समजलं, काका. पण रविवारचा हा केवढा डोंगर? रविवारी तर तुम्ही नसता."

"छे, रविवारी मी घरीच."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. सुट्टीच्या दिवशी किल्ली एकाच माणसाकडे असे: विभागप्रमुख बाईंकडे. त्यांच्यासमोर भल्याभल्यांची दातखीळ बसायची. बाईंनी चष्मा काढला, सावकाश पुसला, पुन्हा लावला.

"तो माझा," त्या म्हणाल्या. "काकांसारखं थोडक्यात नाही जमत मला."