न चावणारी सँडल

डॉक्टरांनी रोज सकाळी तासभर चालायला सांगितल्यापासून प्रफुल्ल गुरव योग्य सँडलच्या शोधात होते. या शोधाला आठ महिने झाले. डोंबिवलीतलं एक दुकान त्यांनी सोडलं नाही, ठाण्यालाही दोनदा जाऊन आले. एखादी सँडल अंगठ्याला चावायची, एखादीची टाच कडक निघायची, एखादीचा पट्टा भलतीकडेच घासायचा. "सँडल मिळू दे, मग बघ कसा चालतो," असं पत्नीला, विनिताला बजावून ते रोज साडेसातपर्यंत ढाराढूर झोपायचे. सँडल मिळाली असती तर मोठीच पंचाईत होती.

शेवटी मानपाडा रोडवरचं हितेशचं दुकान तेवढं उरलं. हितेश वस्ताद निघाला.

"काका, एक काम करा. डाव्या पायात ही तपकिरी घाला, उजव्यात ती निळी. समोरच्या चढावर एक राउंड मारून या. जी चावेल ती बाद!"

प्रफुल्लरावांना युक्ती पसंत पडली. एका फेरीत दोन्ही बाद होणार होत्या. मोबाईल आणि पाकीट असलेली पिशवी जुन्या चपलांशेजारी ठेवून ते निघाले आणि वाटेत एका कॅरमच्या डावापाशी रेंगाळले. इकडे हितेश जेवायला गेला आणि गल्ल्यावरच्या त्याच्या वडिलांनी दीड वाजताच सवयीने शटर ओढलं. दोन रंगांच्या सँडल घालून आपलं एक गिऱ्हाईक बाहेर फिरतंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

प्रफुल्लराव परतले तर दुकान पाच वाजेपर्यंत बंद. घरी जावं? नव्या सँडल घालून घरी जाणं म्हणजे आपल्या हाताने सकाळच्या झोपेचा गळा घोटणं. ते पायरीवर टेकणार, इतक्यात समोर विनिताची मैत्रीण माया. सकाळी चालणाऱ्या बायकांची ही म्होरकी.

"अय्या, भावजी! नवीन सँडल? आणि दोन कलरच्या?"

"हल्ली... तशाच येतात," प्रफुल्लराव म्हणाले आणि स्वतःच गोंधळले.

"मस्तच! मी सागावला चकल्यांची ऑर्डर पोचवायला चाललेय. चला, बोलत बोलत जाऊ."

"रिक्षा करू या ना."

"एवढ्या भारी सँडल घालून रिक्षा? सांगू का विनिताला?"

झक मारत प्रफुल्लराव निघाले. आता निदान चावू तरी देत, म्हणून पायांकडे लक्ष ठेवून चालले. चढावर वाटलं, डावी चावतेय. थांबून पाहिलं तर नुसता खडा अडकला होता. मग उजवीवर संशय आला, तोही फिटला. मुद्दाम खडीवरून चालून पाहिलं. सागाव आलं, चकल्या पोचल्या, परतीची वाट संपत आली, तरी बेट्या दोघी गप्पच.

पाचला शटर वर गेलं.

"काका, होतात कुठे? पिशवी इथेच राहिली तुमची! बोला, कुठली चावली?"

प्रफुल्लरावांनी टाचा चाचपल्या, अंगठे चाचपले. "डावी. नाही, उजवी. थांब जरा... दोन्ही!"

हितेशने वाकून दोन्ही पाय निरखले. "काय काका, साधा ओरखडापण नाही!"

तेवढ्यात धापा टाकत विनिता आत आली. मायाचा फोन तिला पोचला होता.

"अहो, सागावपर्यंत चालत गेलात? आणि चालत परत आलात?" तिचे डोळे भरून आले. साखरेचा रिपोर्ट आल्यापासून बिचारीला झोप नव्हती. "मला वाटायचं, तुम्ही नुसत्या सबबी सांगता. चुकलंच हो माझं."

प्रफुल्लरावांना एकदम गहिवरून आलं. खरं सांगावं असं वाटलं, पण त्या डोळ्यांसमोर जीभ रेटेना.

"बरं, कुठली बसली पायाला?" तिने विचारलं.

"दोन्ही," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"मग दोन्ही जोड बांध रे," पदराने डोळे पुसत विनिता हितेशला म्हणाली, "एक सकाळला आणि एक संध्याकाळला."