रंग जात नाही

शनवाऱ्यातले कापडवाले वसंतशेठ यांनी त्या दिवशी कात्री शोधायचा कंटाळा केला, एवढंच झालं. कापडाच्या काठाला दातानं टक्क करून चीर द्यायची आणि मग ताग्यातून पाहिजे तेवढं टर्रकन फाडून द्यायचं, ही त्यांची तीस वर्षांची पद्धत. (कात्र्या दुकानात होत्या. शोभेला.) पण पुढचा दात बिचारा झिजून झिजून पार खचला होता, तो पॉपलीनच्या काठावर अर्धा तुटला. गिऱ्हाईक कापड घेऊन गेलं, दाताचा तुकडा शेठच्या हातात राहिला.

आणि दुसऱ्याच दिवशी इच्छापूरला, समाधानभाऊंच्या घरी, मुलासाठी, ऋषिकेशसाठी, त्यांची मुलगी रुपाली बघायला जायचं होतं! तिथं शेठनी ओठ घट्ट मिटले. पोह्यांना हात लावला नाही, आणि कोणी काही विचारलं की नुसतं "हूं".

आठवडाभरात स्थळ सुचवणारे मोतीलाल दुकानात आले.

"पोरगा पसंत आहे, शेठ. पन रुपाली म्हनते, सासरा लई कडक दिसू राहिला. हसतच नाही. तिले भीती वाटते. पुढच्या रविवारी ते तुमच्या घरी येतील, तवा पक्कं सांगतील."

ऋषिकेश त्या दिवशी जेवला नाही. रुपाली त्याला मनापासून आवडली होती. "पप्पा, बस एक बार हस दो यार," एवढंच तो म्हणाला, आणि शेठना भरून आलं. ते तडक दाताच्या डॉक्टरांकडे, डॉ. प्रतिभांकडे गेले.

प्रतिभा मॅडमनी तुटका दात घासून नीट केला, माप घेतलं, आणि वर बसवायच्या कॅपचा रंग ठरवायला नकली दातांची पट्टी समोर धरली. ती घेऊन शेठ गळ्यातल्या फडक्यासकट थेट दवाखान्याच्या दारात, उन्हात जाऊन उभे राहिले. ट्यूबलाइटखाली रंग ठरवील तो कापडवाला कसला!

"हा टोकाचा द्या. सगळ्यात पांढरा."

"काका, शेजारच्या दातांशी मॅच करावं लागतं. तुमचे दात जरा पिवळे आहेत."

"मॅडम, पांढरा माल चार धुन्यांत पिवळा पडते. दोन नंबर वरचाच घ्यावा लागते, मंग तो बरोबर जागेवर येते."

"हे कापड नाही काका, सिरॅमिक आहे. ह्याचा रंग जात नाही."

शेठ मायेनं हसले. (ओठ मिटून.) "मी बी सगळ्या गिऱ्हाइकांना हेच सांगतो."

मॅडमनी पुष्कळ समजावलं. पण कापडवाल्याशी घासाघीस करून आजवर कोण जिंकलंय? शुक्रवारी कॅप बसली.

घरी रजनीबाईंनी दार उघडलं. "अहो, दाताले खोबरं चिकटलंय, पुसून घ्या."

"खोबरं नाही, दात आहे."

रजनीबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवार बघितला.

रविवारपर्यंत दाताचा रंग उतरवायलाच हवा होता. शेठनी कोऱ्या चहाच्या गुळण्या केल्या, हळद चोळली, दिवसभर कात चघळला. त्यानं इकडचे तिकडचे सगळे दात आणखी पिवळे झाले, आणि मधला होता त्याहून पांढरा दिसायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पक्क्या रंगाचा माल मिळाला होता, आणि तो नेमका तोंडात!

रविवारी पाहुणे आले. रुपाली खाली मान घालून बसली. शेठनी पुन्हा ओठ मिटले होते, पण रजनीबाईंनी असे डोळे वटारले, की त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि हसले.

समाधानभाऊंचा मावा जिलबीचा घास हातातच राहिला. रुपालीनं वर पाहिलं आणि ती बघतच राहिली. मग शेठना राहवेना. त्यांनी कात्रीपासून हळदीपर्यंत सगळं सांगून टाकलं. "मॅडम खरं बोलू राहिल्या होत्या, पोरी. मलेच पटलं नाही. रंग जात नाही म्हननारा मानूस खरं बोलू शकते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं!"

रुपालीला ठसका लागला. चहा ओढणीवर सांडला, आणि ती तोंड झाकून आत पळाली. पाहुणे "फोन करतो" म्हणून गेले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. फोन नाही. आपल्या दातापायी पोराचं लग्न मोडलं, या विचारानं शेठना दुकानात चैन पडेना. बुधवारी रुपालीच्या आईचा, मालूबाईंचा फोन आला. रजनीबाईंनी स्पीकर लावला.

"पोरगी हो म्हनते!"

ऋषिकेशनं आईला उचलून गोल फिरवलं. शेठ डोळे पुसत फोनपाशी धावले. "माझं हसनं आवडलं ना तिले?"

"आवडलं म्हंजे? अजून हसू राहिली ती! म्हनते, ह्या सासऱ्याले कोन भीन? फक्त तिची एक विनंती आहे, शेठ."

"बोला विहीणबाई, काय पाहिजे ते मागा!"

"मंगलाष्टका होईपर्यंत तुम्ही तेवढं तोंड मिटून ठेवा. समोर तुम्ही हसले, तर माझी पोरगी भटजीच्या गळ्यात हार घालीन."