गजराबाईंचं एकच वाक्य

एका जंगलात, बाळांनो, अजून रस्ता पोचला नव्हता, वीज पोचली नव्हती, दवाखान्याचं तर कुणी नावही ऐकलं नव्हतं. पण सिनेमा पोचला होता. विजेशिवाय सिनेमा कसा, असं विचारू नका. गोष्टीत मध्येच प्रश्न विचारणाऱ्या मुलांना मोठेपणी समीक्षक व्हावं लागतं.

तर त्या जंगलात खारकरबाई नावाची एक खार होती. ती एडिटर होती. म्हणजे इतरांनी शूट करून आणलेलं कुरतडायचं आणि उरेल त्याची गोष्ट जुळवायची. काम चोख. बोलणं तोडकं. आणि आयुष्यात कधी खोटं बोललेली नाही, याचा तिला जरा जास्तच अभिमान.

तिच्याकडे मोरेसाहेबांचा सिनेमा आला. मोरेसाहेब म्हणजे मोर. सिनेमाचं नाव 'सोंडेएवढं आभाळ'. हत्तीचं पिल्लू कळपावर रुसून निघून जातं, भटकतं आणि शेवटी परत येतं, एवढीच गोष्ट. मध्येमध्ये एक मोर नाचतो. तो का नाचतो, हे विचारायची पद्धत नव्हती.

पिल्लाच्या आईचं काम गजराबाई नावाच्या वयस्क हत्तिणीने केलं होतं. त्यांनी जन्मात कॅमेरा पाहिला नव्हता. सगळ्या सिनेमात त्यांना एकच वाक्य. शेवटच्या दृश्यात पिल्लू लांबून येताना दिसतं आणि आई म्हणते, "वाट मी तुडवून ठेवलीय. तू नुसता ये."

हे वाक्य गजराबाईंनी अख्खा उन्हाळा घोकलं. नदीत डुंबताना घोकलं. झाडं मोडताना घोकलं. पार डोंगरापलीकडच्या नातेवाइकांना निरोप धाडले, की सिनेमा लागेल तेव्हा या, मी त्यात बोलणार आहे.

खारकरबाईने ते वाक्य जोडताना इतक्यांदा ऐकलं, की पुढेपुढे तिला ते ऐकूच येईना. घरातल्या घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येत नाही ना, तसं.

अखेर एडिटिंग संपलं. मोरेसाहेबांनी सगळ्यांना बोलावून जाहीर केलं, "पिक्चर लॉक!"

लॉक म्हणजे काय, तर यापुढे चित्राला कुणी हात लावायचा नाही. आता आवाजाची पाळी. मोरेसाहेबांना हा समारंभ फार आवडला. त्यांनी नारळ फोडला आणि एक खरंखुरं कुलूपही आणलं. ते सिनेमा ठेवलेल्या कपाटाला लावलं आणि चावी स्वतःच्या गळ्यात घातली.

आता ज्याने चावी गळ्यात घातली त्यालाच ते कपाट उघडायची हौस असेल, तर बाळांनो, त्याला कुलूप म्हणत नाहीत, दागिना म्हणतात. पण हे खारकरबाईला कुठे माहीत! ती कामाला लागली.

साउंड मिक्सिंग करायचे वाघळेकाका. ते वटवाघूळ होते, गुहेत उलटे लटकून काम करायचे. कानाचे इतके तिखट, की पानावर मुंगी घसरली तर कुठल्या पायाने घसरली ते सांगायचे. त्यांच्याकडे आवाज पाठवायचे म्हणजे काम नीट निगुतीने करावं लागे.

खारकरबाईने बोलण्याचे तुकडे एका रांगेत लावले. पावलं, पाणी, वारा दुसऱ्या रांगेत. संगीत तिसऱ्या. प्रत्येक तुकड्याला मागेपुढे थोडी जास्तीची शेपूट ठेवली, म्हणजे वाघळेकाकांना आवाज अलगद चढवता-उतरवता येईल. सिनेमा सुरू व्हायच्या जरा आधी एक 'टुक्' ठेवला. त्या 'टुक्'वरून चित्र आणि आवाज जुळवायचे. सोबत बघायला सिनेमाची एक प्रत, तिच्या कोपऱ्यात वेळ दाखवणारे पळते आकडे. सगळं एक्सपोर्ट केलं, पेटाऱ्यात भरलं आणि गुहेत पोचवलं.

वाघळेकाका खूश. "असा पेटारा हवा बघ. नाहीतर ते कोल्होबा पाठवतात. संगीतात संवाद, संवादात त्यांचं जेवण."

चार दिवस बरे गेले. मग मोरेसाहेब कपाट उघडून हजर.

"खारकरबाई, किंचित. अगदी किंचित हं. माझा नाच जरा लांबवू या."

"साहेब, लॉक झालंय."

"लॉकच आहे की! लॉकमध्येच लांबवायचंय."

नाच लांबला. नाचानंतरचं सगळं चित्र पुढे सरकलं. वाघळेकाकांच्या गुहेत हत्तीचं तोंड हलायचं तेव्हा माकडाचा आवाज यायचा. खारकरबाईने पुन्हा सगळं काढलं, पुन्हा पेटारा नेला, माफी मागितली. काकांनी पुन्हा पहिल्यापासून काम धरलं.

मग मोरेसाहेबांना नाच जास्त लांब वाटला. तो तोडला. नवा पेटारा. मग त्यांच्या सासूबाईंना तो तोकडा वाटला. तो जोडला. आणखी एक पेटारा.

एकदा ते शेवटच्या दृश्यावर येऊन म्हणाले, "बोलणं बंद करून मला नुसता वारा ऐकवा." खारकरबाईने गजराबाईंचं वाक्य म्यूट केलं. मोरेसाहेबांनी डोळे मिटून वारा ऐकला. "वा!" म्हणाले. आणि लगेच पिसाऱ्याच्या रंगाबद्दल बोलू लागले, ते दुपारपर्यंत बोलतच राहिले. त्या नादात म्यूट काढायचं राहून गेलं. आणि म्यूट केलेला तुकडा पेटाऱ्यात जात नसतो.

पेटारा गेला. त्यात ते वाक्य नव्हतं. खारकरबाईने निघण्याआधी सगळा सिनेमा तपासून पाहिला होता बरं का! पण तिच्या कानात ते वाक्य इतकं मुरलं होतं, की नसलं तरी तिला ऐकू आलं.

हा पेटारा बघून वाघळेकाका पहिल्यांदाच सुलटे उभे राहिले. याचा अर्थ ते भयंकर चिडले होते.

"पोरी, वनराजांसमोर खेळ ठरलाय. यापुढे एक पेटारा जरी आणलास, तर मी हे काम सोडीन, आणि जंगलभर सांगीन की खारकरबाईचं लॉक म्हणजे थट्टा!"

खारकरबाई घरी आली. खाली मान, खाली शेपूट. आणि दारात मोरेसाहेब.

"किंचित," ते म्हणाले. "नाचातला एक पाय जरा आधी उचलू या."

खारकरबाईने त्यांच्याकडे पाहिलं. मग बसली, बटणं खडाखडा वाजवली, दोनदा हुश्श केलं आणि काहीही न बदलता तेच चित्र दाखवलं.

"आहाहा!" मोरेसाहेब थरारले. "आता बघा कसा श्वास घेतंय!"

आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि ते इतकं गोड निघालं. मग काय! मोरेसाहेब रोज यायचे, ती रोज बटणं वाजवायची. "तुम्हाला आता माझी दृष्टी कळायला लागली," असं ते म्हणू लागले.

खेळाच्या आदल्या दिवशी ते गुहेत पूर्ण मिक्सिंग ऐकून आले. या वेळी 'किंचित' म्हणाले नाहीत.

"खारकरबाई, शेवटी गजराबाईंचं वाक्य ऐकूच येत नाही."

मोरेसाहेबांनी काढलेली ही पहिली खरी चूक. खारकरबाईने मान वरही केली नाही. बटणं वाजवली. हुश्श केलं.

"झालं, साहेब."

"नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं जंगल पटांगणात जमलं. पुढे वनराज. मागे डोंगरापलीकडून आलेला गजराबाईंचा कळप. मावश्या, आत्या, जावा. गजराबाई मधोमध, कपाळाला शेंदूर लावून, आणि आजूबाजूच्यांना "आता बघा हं, आता" म्हणत.

शेवटचं दृश्य आलं. पिल्लू लांबून दिसलं. आईने तोंड उघडलं.

वारा वाहिला. पान हललं. तोंड मिटलं.

एका क्षणात खारकरबाईला म्यूटचं बटण, वारा, मोरेसाहेबांचं "नक्की?", सगळं आठवलं. मोरेसाहेबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिने शेपटीत तोंड लपवलं.

आणि पुढे बसलेले वनराज हुंदका देऊन रडले.

वनराज रडले की सगळ्यांनी रडायचं असतं. पटांगण ओलं झालं. "काय ती शांतता!" वनराज डोळे पुसत म्हणाले. "आईला बोलायचंय, पण शब्दच नाहीत! कुणाला सुचलं हे?"

"दोन वर्षं त्या शांततेवर विचार करत होतो, महाराज," मोरेसाहेब वाकून म्हणाले.

खारकरबाईने वाघळेकाकांना गाठलं. "काका, तोंड हलतंय आणि आवाज नाही, तुमच्या लक्षात नाही आलं?"

"न यायला काय झालं! मला वाटलं, मोराने नवीन काढलं असेल. विचारायला यावं, तर तू पुन्हा पेटारा आणशील. गप्प बसलो."

त्या वर्षी 'सोंडेएवढं आभाळ'ला सगळी बक्षिसं मिळाली. उत्कृष्ट अभिनय गजराबाईंना. त्या मंचावर गेल्या. रागाने तोंडातून शब्द फुटेना. तशाच कितीतरी वेळ उभ्या राहिल्या आणि खाली उतरल्या. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. म्हणाले, बाईंची शैलीच ती.

खारकरबाईला राहवेना. ती नदीवर गेली.

"गजरामावशी, तुमचं वाक्य माझ्यामुळे गेलं. बटण राहिलं. मोरेसाहेबांनी सांगितलं होतं, तरी मी खोटं बोलले."

गजराबाईंनी सोंड उचलली. खारकरबाईने डोळे मिटून घेतले.

"आमच्या आत्याबाई विचारतात, तू बोललीस ते नेमकं कुठे?" गजराबाई म्हणाल्या. "काय सांगू त्यांना?"

मग लांब, पलीकडच्या तीराकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही अशा त्या म्हणाल्या, "वाट मी तुडवून ठेवलीय. तू नुसता ये."

कितीतरी महिन्यांनी खारकरबाईला ते वाक्य ऐकू आलं. वनराजांची ती शांतता त्या वाक्यापुढे काहीच नव्हती. पाण्यातली कासवंसुद्धा माना वर काढून बघू लागली.

"पुन्हा म्हणता?" खारकरबाईने रडत विचारलं.

"नाही," गजराबाई म्हणाल्या आणि पाण्यात उतरल्या.

मोरेसाहेबांचा पुढचा सिनेमा सध्या खारकरबाईकडेच आहे. त्यात पुष्कळ संवाद आहेत. सगळे म्यूट करायचे आहेत.

तात्पर्य : चूक खेळाच्या आधी सापडली तर तो निष्काळजीपणा असतो, आणि राजा रडल्यावर सापडली तर ती शैली. म्हणून बाळांनो, काम पाठवण्याआधी फार तपासू नये.