साडेसातची गोळी

डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "गोळी रोज साधारण एकाच वेळी घ्यायची." पण ते ऐकायला शेजारी नवरा बसला होता, आणि नवरा पडला घड्याळजी. 'साधारण' हा शब्द त्याच्या धंद्यात शिवीसारखा.

बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची. लेक दीड वर्षाची झाली होती, नोकरी नुकती पुन्हा सुरू झाली होती, आणि दुसऱ्या पाळण्याची घाई दोघांनाही नव्हती. असली गोळी ती आयुष्यात पहिल्यांदाच घेणार होती. घरी येताच तिने पाकिटातला कागद उलगडला. तो उलगडतच गेला. त्यावरचं मुंगीच्या पावलांएवढं अक्षर तिने लाल पेन हातात धरून अथपासून इतिपर्यंत वाचलं.

"मळमळू शकतं, डोकं दुखू शकतं, मूड बदलू शकतो," ती म्हणाली.

"तुझा? मग ते गोळीनं झालं हे कळणार कसं?" नवरा म्हणाला, आणि तिचा मूड तिथेच बदलला.

पहिली गोळी गिळून ती आरशासमोर उभी राहिली. काहीच झालं नाही. डाळीच्या दाण्याएवढी ती चीज आत जाऊन नेमकं कुणाला काय सांगते, याचं तिला भारी कुतूहल वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने दुकानातलं एक जुनं गजराचं घड्याळ आणून भिंतीवर टांगलं. संध्याकाळी बरोबर साडेसातला ते असं ठणाणलं, की लेक टाळ्या पिटू लागली आणि खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातून पातेलं पडलं.

चार दिवसांत सगळी इमारत त्या गजरावर चालू लागली. समोरचे निवृत्त मास्तर त्यावर मनगटावरचं घड्याळ लावायचे. चार लेकरं वाढवलेल्या खालच्या काकू भाताखालचा गॅस बंद करायच्या. पाचव्या दिवशी काकू वर आल्या.

"अगं, ही घंटा कसली?"

"माझ्या गोळीची वेळ असते, काकू."

"कसली गोळी?"

खरं सांगायला तिची जीभ उचलेना. "शक्तीची," ती बोलून गेली.

काकूंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. नोकरीवर परतल्यापासून तिच्या चालण्याबोलण्यात जरा झपाटा आला होता. काकूंनी तो गोळीला चिकटवला आणि जिना उतरता उतरता मास्तरांच्या कानावरही घातला.

"ताई, गोळीचं नाव काय हो?" मास्तरांनी सकाळीच गाठलं. "जिना चढताना गुडघे कुरकुरतात."

"ती बायकांची आहे, मास्तर."

"मग आमच्या हिला चालेल की!"

त्यांना कसंबसं टाळलं, तर संध्याकाळी गजराच्या ठोक्याला काकू हातात वाटी घेऊन दारात हजर.

"एकच दे. तुझ्या काकांना. खातात चारीठाव, पण अंगाला लागत नाही."

तिने पाकिटावर झटकन हात ठेवला. काका एकोणसत्तर वर्षांचे होते.

"काकांना नाही चालायची."

"का? साखर नाही हो त्यांना."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ती हळूच म्हणाली, "काकू, ही पाळणा लांबवायची गोळी आहे."

काकूंनी वाटी खाली ठेवली. आता आपली खरडपट्टी निघणार आणि पाठोपाठ इमारतभर बोभाटा होणार, म्हणून ती अंग चोरून उभी राहिली.

"एवढीशी?" काकू म्हणाल्या.

"हो."

"आणि घेतली की झालं?"

"रोज एक. न विसरता. सगळं कागदात दिलंय."

काकूंनी चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि वाचायला बसल्या. खालून भात करपल्याचा वास आला तरी मान वर नाही. शेवटी उठल्या आणि म्हणाल्या, "हा कागद उद्यापर्यंत राहू दे माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी छापखान्यात तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका पाककृतीत 'चिमूटभर मीठ'चं 'मूठभर मीठ' झालेलं तिच्या नजरेतून तसंच सुटलं. काकूंनी तो कागद कुणाकुणाला दाखवला असेल?

संध्याकाळी दारात काकूंची धाकटी सून उभी होती. कडेवर पाच महिन्यांचं बाळ, हातात तोच कागद.

"वहिनी, तुमच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता हवाय," ती कुजबुजली. "सासूबाईंनीच पाठवलंय. आणि हे प्रश्न बरोबर आहेत का बघा म्हणाल्या."

कागदाच्या घडीत वहीचं एक पान होतं, काकूंच्या टपोऱ्या अक्षरातलं. अंगावर पिणारं बाळ असताना चालते का? एखाद दिवशी विसरली तर काय करायचं? वजन वाढतं का? असे ओळीने सात प्रश्न. आठवा खाली, जरा अंतर सोडून: 'ही गोळी पंचेचाळीस वर्षांपूर्वी मिळायची का? मिळत असेल तर मला कुणी कसं सांगितलं नाही?'

तिने तो दोनदा वाचला. "हा आठवा प्रश्नही तूच विचारणार का गं?"

"छे! तो त्या स्वतः विचारणार आहेत," सून म्हणाली. "त्याही येतायत उद्या. मामंजींना सांगून टाकलंय, भात तुमचा तुम्ही लावा."